जमिनीला गिऱ्हाईक दारात आले तर...



पूर्वी जमिनीचा सौदा व्हायचा तो घरातल्या अडचणीतून. मुलीचे लग्न, मोठे आजारपण, सोसायटीचे थकलेले कर्ज अशी काही नड निघाली की घरधनी चार जणांत शब्द टाकायचा आणि गिऱ्हाईक शोधायचा. हल्ली हे उलटे झाले आहे. आपण विकायला काढलीच नाही अशा जमिनीला गिऱ्हाईक आपण होऊन येते. कधी बांधावर गाडी उभी राहते, कधी गावातलाच ओळखीचा माणूस पाहुणा घेऊन येतो, कधी नुसता फोन येतो. "तात्या, पार्टी तयार आहे. रोख व्यवहार. आज विसार घ्या, उद्या हा भाव राहायचा नाही."

पुणे, नाशिक, नागपूर या शहरांच्या भोवती आणि कोकणच्या किनाऱ्याला हे नवीन नाही. पण आता जिथे नवा रस्ता तिथे हे गिऱ्हाईक पोचते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. अशा रस्त्यांमुळे कालपर्यंत ज्या माळाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्याचीही चौकशी होऊ लागली आहे.

असे येणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असे नाही. जमीन घेणे हा त्याचा धंदा आहे. विकणे हेही पाप नाही. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. घाई त्याची आहे, आपली नाही. आपली जमीन उद्याही तिथेच असणार आहे. म्हणून बोलायला हरकत नाही, चहा पाजायला हरकत नाही, पण सही करायला घाई नको. या लेखात सांगायचे ते एवढेच, आणि ते का, हे जरा विस्ताराने पाहू.

तो एकराने घेतो, फुटाने विकतो

एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे एकराचे झाले ४३,५६० चौरस फूट. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा.

समजा, तुम्हाला एकरी ३० लाखांचा भाव सांगितला. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण भागून पाहा, चौरस फुटाला पडले सुमारे ६९ रुपये. आता समजा, घेणाऱ्याने रस्ते आणि मोकळ्या जागेसाठी शेकडा ४० भाग सोडला. उरले २६,१३६ फूट. ते त्याने ५०० रुपये फुटाने विकले तर एकरामागे एक कोटी तीस लाखांच्या वर रक्कम होते. त्यातून त्याला बिनशेती, रस्ते, गटारे, वीज, मुद्रांक, व्याज असा खर्च आहे, धोकाही आहे. ते सगळे त्याच्या पदरात पडत नाही. तरीही भाव ठरवताना तो कुठले गणित मनात ठेवून बोलतो आहे हे आपल्याला कळले पाहिजे. आपण गेल्या वर्षीच्या कपाशीवरून एकराची किंमत धरतो, तो पाच वर्षांनंतरच्या घरांवरून धरतो.

म्हणून भाव बोलण्याआधी तीन ठिकाणी जाऊन या. पहिले, दुय्यम निबंधक कार्यालय. तिथे आपल्या गावाचा वार्षिक मूल्यदर तक्ता पाहायला मिळतो. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. हा दर मुद्रांकासाठी असतो, बाजारभाव याहून वेगळा असू शकतो, पण पाया कळतो. आजूबाजूच्या गटांची अलीकडची खरेदीखते कितीला झाली तेही तिथे विचारा. दुसरे, नगररचना कार्यालय. प्रादेशिक योजनेच्या किंवा विकास आराखड्याच्या नकाशावर आपला गट हिरव्या पट्ट्यात आहे, पिवळ्या म्हणजे रहिवासी पट्ट्यात आहे, की त्यातून रस्ता दाखवला आहे, ते पाहा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला रहिवासी वापरासाठी कायद्यात वेगळी सवलत आहे. अशा जमिनीच्या मालकाने तर शेतीच्या भावाने बोलूच नये. तिसरे, प्रांत कार्यालय. भूसंपादनाची काही अधिसूचना निघाली आहे का, हे तिथे कळते. एवढ्या तीन फेऱ्यांना दोन-तीन दिवस जातील. तेवढे दिवस जे गिऱ्हाईक थांबत नाही, ते गेलेलेच बरे.

भीती घालणारी बोलणी

लोभ दाखवून काम झाले नाही की भीती घातली जाते. "सरकार रस्त्याला घेणार आहे, कवडी मिळायची नाही." हे खरे की खोटे ते प्रांत कार्यालयात आणि राजपत्रात कळते, बांधावर नाही. आणि खरोखरच संपादन व्हायचे असेल तर भरपाई त्या वेळच्या मालकाला मिळते. मग ती घेण्यासाठी हा गृहस्थ मालक व्हायला एवढा का धडपडतो, हा प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरे बोलणे असे, "शेजाऱ्यांनी दिली आहे. तुम्ही मध्ये अडकाल, वाट बंद होईल." पूर्वापार वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायला हवा. वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. शेजाऱ्याने खरेच दिली की नाही, तेही त्याच्याकडे जाऊन विचारा. दोन बांधांवर दोन गोष्टी सांगणारे मध्यस्थ कमी नाहीत.

विसार पावती: कागद लहान, फास मोठा

सर्वांत जास्त घरे अडकतात ती इथे. अकरा हजार किंवा एकावन्न हजार हातावर ठेवून पाचशेच्या मुद्रांकावर विसार पावती (काही भागात इसार म्हणतात) करून घेतात. आपल्याला वाटते, साधी पावती आहे, नाही जमले तर पैसे परत देऊ. तसे होत नाही.

नुसत्या विसाराने मालकी जात नाही हे खरे. पण त्या कागदाच्या जोरावर घेणारा न्यायालयात जाऊन "ठरल्याप्रमाणे खरेदी करून द्या" असा दावा लावू शकतो. त्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली दुरुस्ती झाली. आधी असा हुकूम द्यायचा की नाही हे न्यायालय परिस्थिती पाहून ठरवीत असे. दुरुस्तीनंतर ही मोकळीक पुष्कळ कमी झाली आहे. पावतीची नोंदणी नाही म्हणून ती फुकट, असेही समजू नका. अशा दाव्यात ती पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

दरम्यान तो काय करतो? आपली पावती दाखवून पुढचे गिऱ्हाईक शोधतो. पावतीत "लिहून घेणार किंवा ते सांगतील त्या इसमाच्या नावे" असे शब्द असतात ते यासाठीच. सौदा दोन-तीन हातांतून फिरतो, प्रत्येक जण आपला नफा चढवतो आणि आपण मात्र पहिल्या भावाला बांधलेले. गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो तोंड दाखवत नाही, आणि आपल्याला जमीन दुसऱ्याला विकता येत नाही.

तेव्हा विसार घ्यायचाच तर आपल्या वकिलाने लिहिलेल्या कागदावर घ्या. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, पूर्ण किंमत, घेणाऱ्याचे खरे नाव, पैसे देण्याच्या तारखा आणि मुदत चुकली तर करार रद्द, हे स्पष्ट हवे. खरेदीखत होईपर्यंत ताबा देऊ नका, कुंपण घालू देऊ नका.

विसाराची रक्कम बँकेतूनच घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम आगाऊ म्हणून रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे रोखीचे ओझे विकणाऱ्याच्या डोक्यावर. "कागदावर कमी दाखवू, बाकीचे वरून देऊ" हेही तसलेच. वरचे बुडाले तर कुठल्या तोंडाने मागणार?

कुलमुखत्यारपत्राची गोष्ट याहून गंभीर. "तुम्हाला सारखे तालुक्याला यायला नको, आम्हीच कामे करू" असे म्हणून ते लिहून घेतात. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या निकालात स्पष्ट केले आहे. पण त्यात विक्रीचा अधिकार लिहिलेला असेल, तर तोच माणूस आपल्या वतीने खरेदीखतावर सही करू शकतो. परक्याला असा अधिकार देऊ नये.

पैसे आधी, सही नंतर

एक खटला सर्वांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. जमीन गुजरातची, सुरत शहरालगतची, पण कायदा आपल्याला लागू आहे तोच. २ जुलै २००९ रोजी शेतकरी कुटुंबाने खरेदीखत करून दिले. किंमत १ कोटी ७४ लाख २ हजार रुपये, ३६ धनादेशांनी मिळाल्याचे खरेदीखतात लिहिले होते. पुढे कुटुंबाचे म्हणणे असे पडले की त्यातल्या ६ धनादेशांचे मिळून फक्त ४० हजार रुपये हाती आले, बाकीचे ३० धनादेश खोटे निघाले. २०१३ मध्ये घेणाऱ्याने जमीन पुढे विकली. कुटुंबाने दावा लावला तो डिसेंबर २०१४ मध्ये.

९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खरेदीखत नोंदले गेले की मालकी गेली. पैसे राहिले असतील तर वसुलीचा दावा लावता येतो, पण तेवढ्यावरून खरेदी रद्द होत नाही. आणि ३ वर्षांची मुदत उलटून गेल्यामुळे कुटुंबाचा दावा उभाच राहू शकला नाही.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊन खरेदीखतावर सही करू नका. पूर्ण रक्कम आपल्या खात्यात जमा झाली, हे बँकेत जाऊन स्वतः पाहा किंवा बँकेचा डिमांड ड्राफ्ट घ्या आणि तो खरा आहे की नाही ते आपल्या बँकेकडून तपासून घ्या. मगच दुय्यम निबंधकांपुढे उभे राहा. ते आपला फोटो घेतात, अंगठा घेतात, सही तुमचीच का असे विचारतात. पैसे खरोखर जमा झाले की नाही हे पाहण्याचे काम त्यांचे नाही. "पूर्ण रक्कम मिळाली" हे वाक्य कागदात असेल आणि रक्कम मिळाली नसेल, तर तिथेच थांबा. गाडी भाड्याची, हॉटेलात जेवण सांगितलेले, साक्षीदार ताटकळलेले, या भिडेला बळी पडू नका. वडीलधाऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा असेल तर कागद आधी घरच्या शिकलेल्या मुला-मुलीने मोठ्याने वाचून दाखवावा.

सही कुणाकुणाची?

सातबाऱ्यावर एकट्याचे नाव असले म्हणजे जमीन एकट्याची होत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीला "ये, एक सही करून जा" म्हणून बोलावणे बरे नव्हे. भाव ठरताना तिला बोलवा, आईला बसवा. आईचे मन मोडून आणि बहिणीला अंधारात ठेवून केलेले सौदे पुढे कोर्टात वर्षानुवर्षे लोंबकळतात. पैसाही जातो, आणि माहेरची वाटही बंद होते.

दलालाला हे सगळे ठाऊक असते. म्हणून तो घरातला कच्चा दुवा शोधतो. एखादा भाऊ कर्जात असतो, एखादा पुण्या-मुंबईला असतो. त्याचा न वाटलेला हिस्सा विकत घेतला की परका माणूस आपल्या सातबाऱ्यावर येऊन बसतो आणि वाटपाचा दावा लावू शकतो. मग बाकीचे भाऊ कंटाळून मिळेल त्या भावाने देतात. यावर औषध एकच. घरातले वाटप, वारसनोंदी आणि मोजणी वेळीच करून घ्या. आणि भावाला अडचण असेल तर ती परक्याच्या आधी घराला कळावी, असे घर ठेवा.

घरात मेळ असला की काय होते याचे उदाहरण हडपसरला आहे. तिथल्या मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन तुकड्या-तुकड्याने बिल्डरांना दिली नाही. त्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि वसाहत आपणच उभारली. प्रत्येक गावाला हे जमणार नाही. ते शहराला खेटून होते आणि त्यांच्यात खटपट करणारी माणसे होती. पण दहा शेजाऱ्यांनी एकत्र बसून "आम्ही सगळे मिळूनच बोलू" एवढे ठरवले, तरी भावात फरक पडतो.

जमीन कोणत्या प्रकारची आहे तेही सातबाऱ्यावर वाचा. भोगवटादार वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विक्री होत नाही. कुळकायद्याने मिळालेली, इनाम-वतनाची, पुनर्वसनाची जमीन असेल तर अटी वेगळ्या. आदिवासी बांधवांची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून घेताच येत नाही. "परवानगीचे आम्ही बघतो, तुम्ही सही करा" असे कुणी म्हटले तर उत्तर द्या, "आधी परवानगी आणा, मग सहीचे बघू."

विकल्यावर काय उरते?

आता घरात बसून करायचा हिशेब. समजा, दोन एकर एकरी ३० लाखांनी गेले. आले ६० लाख. वडील वारलेले, आई, दोन भाऊ, एक बहीण. चौघांत वाटले तर एकेकाला १५ लाख. त्यातून तीन लाखांचे कर्ज फिटले, सहा लाख घराला लागले, तीन लाख लग्नाला. उरले तीन लाख. शेकडा ७ व्याजाने त्याचे वर्षाला २१,००० रुपये येतात. दोन एकरांतली ज्वारी, भाजी, दुभत्या जनावराचा चारा, सरपण हे सगळे यापुढे विकत घ्यायचे आहे. आकडे तुमचे घाला, पण हा हिशेब कागदावर मांडल्यावाचून हो म्हणू नका. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, असे व्हायला नको.

कराचाही विचार करा. शहराजवळच्या शेतजमिनीवरच्या नफ्याला आयकर लागतो. नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरपर्यंत, तेही सरळ रेषेत मोजून. ठरावीक मुदतीत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळू शकते. हे विक्रीच्या आधी कर सल्लागाराला विचारायचे, नंतर नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सगळीच जमीन विकली आणि सातबाऱ्यावरून नाव उतरले, तर उद्या दुसरीकडे जमीन घेताना "शेतकरी असल्याचा पुरावा दाखवा" असे म्हटले जाते. मग पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेल्या घराला तो दाखवता येत नाही. म्हणून विकायचीच असेल तर एखादा तुकडा राखा, किंवा दुसरी जमीन आधी पक्की करा आणि मग ही सोडा. तुकडा राखताना तुकडेबंदीचा नियम तहसीलमध्ये विचारून घ्या. तो मधूनमधून बदलत आला आहे.

विक्रीवाचूनही वाट असते. नड लहान असेल तर पडीक किंवा लांबचा तुकडा द्यावा, विहिरीचा राखावा. भाडेपट्टा हाही मार्ग आहे. वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीसाठी २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली, तिच्यात हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे ठरवण्यात आले. नड भागते आणि मालकीही राहते. अर्थात भाडेपट्टाही वकिलाला दाखवूनच करावा.

दारात काय बोलावे?

घरातल्या प्रत्येकाला, सुनेला आणि शाळकरी मुलालाही, एक वाक्य शिकवून ठेवा. "तुमचे नाव, पत्ता आणि भाव कागदावर लिहून ठेवून जा. घरात सगळे बसून ठरवू आणि आम्हीच कळवू." यात उद्धटपणा नाही आणि होकारही नाही. याशिवाय पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. आधारची प्रत आणि मोबाइलवर आलेला आकडा कुणाला द्यायचा नाही.

२. सातबारा, आठ-अ आणि फेरफार वर्षातून दोनदा काढून वाचावेत. अनोळखी नाव किंवा बोजा दिसला तर लगेच तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) विचारावे.

३. फेरफाराची नोटीस आल्यावर हरकत १५ दिवसांत, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसांत आपला गट क्रमांक येतो का, तेही पाहावे.

४. वकील आपला असावा, गिऱ्हाइकाने आणलेला नव्हे. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

५. कुठलाही भाव ऐकल्यावर किमान पंधरा दिवस जाऊ द्यावेत.

पंधरा दिवसांत चांगले गिऱ्हाईक पळून जात नाही. त्याला तुमची जमीन खरोखर हवी असेल तर ते पुन्हा येईल, आणि बहुधा भाव वाढवून येईल. बी पेरून उगवण्याची वाट पाहणे ज्याला जमते, त्याला एवढा धीर अवघड नाही. सौदा करा किंवा करू नका, तो तुमच्या घराचा निर्णय आहे. पण तो घरातल्या सगळ्यांनी, उजेडात आणि आपल्या सवडीने घेतलेला असावा.